चारासाठी बत्तीस

"मेमरी कमी पडून राह्यली म्हनं तुमच्या हापिसात?"

रखमाजीकाकांनी हा प्रश्न मला नळावर विचारला. काका बाजार समितीतून रिटायर झालेले, आमच्या शेजारच्याच खोलीत राहणारे, आणि दुसऱ्याच्या अडचणीवर उपाय सांगितल्याशिवाय त्यांचा चहा पचत नसे. मी बादली खाली ठेवून सांगितलं, की हो, ऑफिसात नवीन सर्व्हर बसतोय आणि त्याला मेमरी किती लागेल याचा आराखडा माझ्याकडं आहे.

"पाच बदाम," काका म्हणाले. "रात्री भिजू घालायचे, सकाळी साल काढून खायचे. शेठजीला सांग, सगळ्या स्टाफला चालू करा."

"काका, ही मशीनची मेमरी आहे."

"मंग मशीन चालवनाऱ्याला द्या. खाली काय, वर काय, डोकं तर त्याचंच लागतं ना?"

नळाची धार बारीक झाली होती, म्हणून मी वाद घातला नाही.

मी जालन्यातल्या एका बियाण्यांच्या कंपनीत कॉम्प्युटर विभागाचा प्रमुख होतो. विभागात माणूस मी एकटाच, त्यामुळं प्रमुखपदाला धोका नव्हता. पण आमच्या गल्लीत या पदाची किंमत कुणाला कळली नाही. ज्या आठवड्यात माझ्या नावाची पाटी दारावर लागली, त्याच आठवड्यात झुंबरबाई आपली बंद पडलेली इस्त्री घेऊन आल्या. मला इस्त्री दुरुस्त करता येत नाही म्हटल्यावर त्यांनी पाटीकडं एकदा आणि माझ्याकडं एकदा पाहिलं. "कॉम्प्युटर येतो अन् इस्त्री येत न्हाई?" एवढं बोलून त्या गेल्या. पाटी काढावी असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

ही गोष्ट नव्व्याण्णव सालची. आमचे मालक भागचंदशेठ यांनी हैदराबादच्या एका कंपनीचं जुनं मोठं मशीन विकत घेतलं होतं. लोखंडी कपाटाएवढं. ते बसवायला आलेले इंजिनिअर त्याला 'होस्ट' म्हणत. होस्ट म्हणजे यजमान, असं मी शेठजींना सांगितलं, तेव्हा त्यांनी लगेच त्याला हळदकुंकू लावायला सांगितलं. या यजमानाच्या पोटातच छोटा सर्व्हर बसवता येत होता. लोकांना मी असं समजावून सांगे: एकत्र घरात सुनेनं वेगळी चूल मांडावी तसा हा सर्व्हर. भिंती, दिवे, धान्याची कोठी, सगळं सासूचं. फक्त ओटा तिचा स्वतःचा. हा ओटा म्हणजे मेमरी. ओटा लहान असला की दर पोळीला पीठ आणायला कोठीत पळावं लागतं, आणि पंगत ताटकळते. तर ओटा केवढा बांधायचा, एवढंच मला ठरवायचं होतं.

काम छोटं. पण या कामात माझा स्वतःचा जीव अडकला होता, आणि तो कशात, ते सांगितलंच पाहिजे.

माझी बायको बेबीनंदा कंपनीच्या मंठा डेपोत कामाला होती. लग्नाआधीपासून. शेतकरी बियाणं न्यायला आले की पावती करायची, साठा बघायचा, कुठल्या वाणाची गाडी कधी येणार ते सांगायचं. बाजाराच्या दिवशी तिच्या टेबलासमोर धोतरं-पटक्यांची गर्दी असे, आणि सगळे तिला 'मॅडम' म्हणत. ती मोठ्यानं हसायची. डेपोच्या बाहेर उभं राहूनही आज मॅडम आल्यात की नाही ते कळायचं. ती मंठ्याला तिच्या आईकडं राही, मी जालन्यात एका खोलीत. शनिवारी संध्याकाळी मी एसटीनं मंठ्याला जाई आणि सोमवारी पहाटे परत येई. लग्नाला चार वर्षं होऊन आमचा संसार असा पिशवीतच चालला होता.

आता शेठजींनी ठरवलं होतं, की डेपोंवर एकेक पोऱ्या हातानं पावत्या फाडेल, आणि मंठा, शहागडच्या त्या पावत्या जीपनं जालन्याला आणायच्या आणि इथल्याच सर्व्हरवर चढवायच्या. त्यासाठी डेपोंवरची तिघं जालन्यात येऊन बसतील: मंठ्याचा रामकिसन, शहागडच्या पुष्पाबाई आणि बेबीनंदा. हे ऐकलं त्या दिवशी मी उगाचच दोनदा बाजारात जाऊन आलो आणि एक पोळपाट घेऊन आलो.

आराखडा करायचा तर कोण किती काम करतं ते पाहायला हवं. म्हणून मी मंठ्याला गेलो, सरकारी दौऱ्यासारखा, फाईल आणि घड्याळ घेऊन. रामकिसन त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. मी मागं उभा राहिल्याबरोबर तो इतकं जपून टाईप करायला लागला, की जणू अक्षरं त्याच्या घरची होती. बेबीनंदाच्या मागं उभा राहिलो तर रांगेतल्या एका शेतकऱ्यानं विचारलं, "मॅडम, साहेब मार्कं देऊन राह्यले का?" सगळी रांग हसली. ती लाल झाली, आणि मग अशी सुटली, की माझं घड्याळ मागं पडलं. पावती, साठा, मागच्या हंगामाचा हिशेब असं सगळं एकाच वेळी उघडं ठेवून ती काम करायची. शेतकऱ्याचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत तिची पावती प्रिंटरमधून बाहेर.

"किती मार्कं?" गर्दी ओसरल्यावर तिनं हळूच विचारलं.

"पैकीच्या पैकी," मी म्हणालो. माझ्या कागदावर मी तिच्या नावापुढं चार एमबी लिहिले होते.

शहागडचा डेपो हायवेला लागून. ट्रक गेला की कागद उडतात आणि टेबलावर धूळ बसते. पुष्पाबाईंचे पती कंपनीच्या गाडीवर ड्रायव्हर होते, याच रस्त्यावर अपघातात गेले. त्यानंतर शेठजींनी त्यांना कामावर घेतलं. त्या एका बोटानं टाईप करत, आणि टाईप करताना शेतकऱ्याचं नाव मोठ्यानं म्हणत, म्हणजे अक्षर चुकणार नाही. एका वेळी एकच काम उघडायच्या. ते संपलं की सुस्कारा सोडून दुसरं.

"मी हळू हाये साहेब," त्या घाबरून म्हणाल्या. "लिहू नका बरं तसं."

"बाई, हळू माणसाला मेमरी कमी लागते. तुम्हाला दोनच धरलेत."

"म्हंजी माझा खर्चा कमीच की!" त्यांना इतका आनंद झाला, की त्यांनी मला चहाबरोबर बिस्किटाचा पुडाच फोडून दिला.

जालन्याला येऊन मी बेरीज केली. सर्व्हरची स्वतःची गरज, जालन्यातला स्टाफ, मंठा, शहागड, मे-जूनमधली पेरणीची गर्दी. सगळं मिळून अडुसष्ट आलं. पण मेमरी काही तेलासारखी सुटी मिळत नाही. तिच्या पट्ट्या येतात, आमच्या मशीनला बत्तीस-बत्तीसच्या. दोन पट्ट्या म्हणजे चौसष्ट, तीन म्हणजे शहाण्णव. चौसष्टमध्ये भागत नव्हतं. मी तीन पट्ट्यांची मागणी टाईप केली, खाली सही केली, आणि सहीखाली 'विभागप्रमुख' असं जरा ठळक केलं.

मग कंपनीचं खरेदी खातं सुरू झालं. ते खातं शेठजींचे भाचे शिवनारायणजी बघत. माझी मागणी पहिल्यांदा चुकून स्टेशनरीत गेली आणि तिथं तत्परतेनं मंजूर झाली. आठ दिवसांनी माझ्या टेबलावर कार्बन पेपरचे गठ्ठे आले. ते परत केले, तर तीन ठिकाणचे भाव आणा म्हणाले. मेमरी विकणारा माणूस औरंगाबादेत आमच्या ओळखीचा एकच. त्यानं आपला, आपल्या भावाचा आणि आपल्या मेव्हण्याचा असे तीन भाव एकाच पाकिटातून पाठवले. शिवनारायणजींनी ते पाहिले आणि विचारलं, "ही चीज पडून खराब होते का? उंदीर वगैरे?" मी नाही म्हटलं. "मंग जल्दी काय आहे? गणपतीनंतर बघू."

गणपती बसले, आणि गणपतीतच तिकडं तैवानात भूकंप झाला. पेपरात आतल्या पानावर बातमी होती. ती वाचून मला लोकांबद्दल वाईट वाटलं आणि मी पान उलटलं. चार दिवसांनी औरंगाबादवाल्याचा फोन. मेमरी बनते तिकडं, कारखाने बंद पडलेत, भाव जवळजवळ तिप्पट, आणि उद्याचं सांगता येत नाही.

"तैवान कुठं आलं?" रखमाजीकाकांनी विचारलं.

"चीनच्या पलीकडं."

"अन् तिथं जमीन हालली म्हून आपली पट्टी महाग?" काकांनी आभाळाकडं पाहिलं. "आपन कापूस तिकडं इकत न्हाई का? आपन बी महाग करू."

पितृपक्षात नवी वस्तू घ्यायची नाही म्हणून आणखी पंधरवडा गेला. मधल्या काळात मंठ्याला बेबीनंदानं ट्रंक भरून ठेवली होती. जालन्याच्या खोलीत भांड्याची फळी कुठं लावायची याचं चित्र तिनं मला पावतीच्या पाठीमागं काढून दिलं होतं. मी फळी लावलीही.

शेवटी बैठक झाली. शेठजी, शिवनारायणजी आणि मी. मी ओट्याचं उदाहरण देऊन सगळं समजावून सांगितलं. सर्व्हरला स्वतःला किती, माणशी किती. त्या दिवशी मी इतकं सोपं बोललो, की शेठजी म्हणाले, "बिलकुल समजलं मच्छिंद्रजी. आजवर कुणी असं सांगितलं नव्हतं." माझी छाती फुगली.

शिवनारायणजींनी कागद जवळ ओढला. "अडुसष्ट पाहिजे. दोन पट्ट्यांत चौसष्ट होतात. म्हणजे चार कमी."

"हो जी."

"चारासाठी बत्तीस घ्यायचे? तेही आजच्या भावानं?"

"पट्टी तेवढीच येते."

त्यांनी पेन्सिल माझ्या यादीवरून खाली आणली. जालन्यातल्या स्टाफला त्यांनी हात लावला नाही, ती माणसं आधीपासून होती. पेन्सिल मंठ्यावर थांबली. "हा एक माणूस चार घेतो ना? तर एक माणूस कमी करा. चौसष्टमध्ये बराबर बसतं."

मी आधी हसलो. ते गंमत करताहेत असं मला वाटलं. मग मी घाईघाईनं म्हणालो, की पाळ्या लावू, दोघं सकाळी, एक जण संध्याकाळी.

"संध्याकाळी लाईट असते का?"

नसते. आमच्या भागात संध्याकाळी लाईट जायची, हे मला त्यांच्यापेक्षा जास्त माहीत होतं.

"थोडं हळू चाललं तरी चालेल," मी म्हणालो.

"जूनमध्ये हळू?" शेठजींनी मान हलवली. "तुम्हीच सांगितलं ना, पंगत ताटकळते." ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी चष्मा काढला, पुसला. "रामकिसनच्या घरी तीन लेकरं, म्हातारे आई-बाप. पुष्पाबाईला तर कुणीच नाही. तुमच्या घरी एक पगार येतोच. बेबीनंदाबाई जालन्याला येतील, घर लागेल तुमचं. तुम्हालाही बरंच होईल."

मी काहीतरी बोलायला हवं होतं. बोललो ते एवढंच, की विचार करून सांगतो. शिवनारायणजींनी तोवर दोन पट्ट्यांच्या ऑर्डरवर सही केली होती.

गल्लीत बातमी माझ्या आधी पोचली. झुंबरबाई म्हणाल्या, आता घराला घरपन येईल. रखमाजीकाका म्हणाले, बाईमानसाला दगदग कशाला. सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं. इतकं अभिनंदन मला विभागप्रमुख झाल्यावरही मिळालं नव्हतं.

रविवारी दुपारी मंठ्याला तिच्या आईच्या ओसरीवर मी बेबीनंदाला सांगितलं. भरलेल्या ट्रंकेवर चादर टाकून बैठक केली होती, तिच्यावरच आम्ही बसलो होतो.

"किती कमी पडून राह्यलं?" तिनं विचारलं.

"चार."

"मला किती धरल्ते तुम्ही?"

"चार."

"अन् पुष्पाबाईला?"

"दोन. पुष्पाबाईंना काढलं तरी भागत नाही. त्यांना काढावं असं मी म्हणतही नाही."

"म्या बी म्हनत न्हाई." तिनं पदराचा काठ बोटाला गुंडाळला, सोडला. "रामकिसनला बी चारच?"

"हो, कामं तोही तितकीच उघडून बसतो. पण त्याची लेकरं..."

"लेकरं हायेत त्याला. मला न्हाईत." हे तिनं अगदी साध्या आवाजात म्हटलं, हिशेब जुळवताना म्हणतात तसं. "म्हंजी मी भराभर काम करते, चार-चार गोष्टी उघडून बसते, म्हून मी जड झाले. पुष्पाबाईवानी एका बोटानं केलं असतं तर बसले असते."

"तसं नाही गं."

"तसंच हाये. तुम्ही मागं उभे होते म्हून त्या दिवशी जरा जास्तच पळवलं मी." ती उठली, चहाच्या कपबशा उचलल्या आणि आत गेली. बराच वेळ मोरीतून पाण्याचा आवाज येत राहिला. दोनच कप होते.

डेपोत तिला निरोप दिला तेव्हा मी गेलो होतो. एक साडी, एक स्टीलचा डबा, रामकिसनचं रडवेलं भाषण. ते चाललेलं असतानाच एक म्हातारा शेतकरी चिठ्ठी घेऊन आत आला आणि कुणाकडंही न बघता तिच्यापुढं उभा राहिला. "मॅडम, ज्वारीचं आलं का?" तिनं हार काढून बाजूला ठेवला, पावती करून दिली, सुटे मोजून दिले, आणि पुढच्या खेपेला थैली घेऊन या म्हणून सांगितलं. मग हार परत घालून फोटोला उभी राहिली.

सर्व्हर दिवाळीनंतर सुरू झाला. पुढच्या जूनमध्ये पेरणीची गर्दी आली, जीपा भरभरून पावत्या आल्या, रामकिसन आणि पुष्पाबाई मान वर न करता बसले, आणि सर्व्हर एकदाही अडला नाही. चौसष्टच्या चौसष्ट भरत होते, पण वर सांडत नव्हतं. माझा आराखडा इतका अचूक निघाला, की शेठजींनी सगळ्या स्टाफसमोर मला शाल-नारळ दिला. शाल घेऊन मी घरी आलो. कुठं ठेवावी ते कळेना, म्हणून खुंटीला टांगली.

"चांगलं झालं," बेबीनंदा म्हणाली.

आता ती रोज घरी होती. मला गरम जेवण मिळत होतं. फळीवर भांडी ओळीनं लागली होती. सकाळी दहापर्यंत तिचं सगळं काम उरकायचं, कारण हात तेच होते, आणि मग दिवस संपायचा नाही. गल्लीत तिला कुणी मॅडम म्हणत नव्हतं. झुंबरबाई 'मच्छिंद्रची मंडळी' म्हणत. सुरुवातीला मी ऑफिसातून आलो, की ती विचारायची, आज मंठ्याच्या किती पावत्या आल्या, कोण कोण आल्तं, कपाशीचं कुठलं बियाणं जास्त गेलं. मी सांगायचो. नावांवरून ती माणसं ओळखायची, त्यांची गावं सांगायची, कुणाच्या विहिरीला पाणी लागलं तेही सांगायची. पुढं ती कमी विचारायला लागली. नंतर विचारीनाशी झाली, आणि मी आपण होऊन सांगितलं तर 'हं' म्हणायची. तिचं ते मोठं हसू जालन्याच्या खोलीत मी ऐकलं नाही. खोली लहान होती, कदाचित त्यामुळं, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होतो.

त्याच्या पुढच्या वर्षी मेमरीचे भाव असे कोसळले, की औरंगाबादवाला स्वतःच आला. प्रिंटरच्या रिबिनी द्यायला आला होता. जाता जाता त्यानं खिशातून बत्तीसची एक पट्टी काढून माझ्या टेबलावर ठेवली. "राहू द्या साहेब, याला आता कोणी विचारत नाही. रिबिनीवर भेट." बोटभर लांबीची हिरवी पट्टी. मी ती उलटसुलट करून पाहिली. मग मशीन बंद केलं, पट्टी बसवली, मशीन सुरू केलं. पडद्यावर शहाण्णव आले.

मी तसाच शेठजींकडं गेलो. त्यांनी लगेच मान हलवली. "बोलवा बाईंना. उद्यापासून येऊ द्या. कामाच्या बाई आहेत."

मी ऑटो करून घरी गेलो. चालत पंधरा मिनिटांचा रस्ता, पण मला दम धरवत नव्हता. ती दारात उजेडाला ताट घेऊन तुरीची डाळ निवडत बसली होती. मी चप्पल न काढताच सगळं सांगितलं.

"मशीनला जागा झाली?" तिनं विचारलं.

"हो! बत्तीसची. तुझ्यासारख्या आठ जणी बसतील."

तिनं एक खडा उचलून वाटीत टाकला. "मंठ्याचा डेपो चालू हाये का अजून?"

डेपो उन्हाळ्यातच बंद झाला होता. तिथं आता कुणीतरी खताचं दुकान काढलं होतं. हे मी तिला सांगितलं नव्हतं, पण तिला ते माहीत होतं.

"इथं येऊन नुसत्या पावत्या चढवायच्या," ती म्हणाली. "समोर मानूस न्हाई. कोन आलं, कोन गेलं, काही न्हाई. मला ते नको. तव्हा आले असते मी. तव्हा मला कायबी चाललं असतं, तुमच्यासंगं राहायचं होतं म्हून. आता तर मी हायेच की तुमच्यासंगं."

"मग शेठजींना काय सांगू?"

"सांगा, घर लागलं."

ती रागावली नव्हती. रागावली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं. मी चप्पल काढली आणि तिच्यासमोर बसलो. तिनं ताट थोडं माझ्याकडं सरकवलं. मी निवडायला लागलो. मला एक खडा सापडेपर्यंत तिच्या वाटीत पाच-सहा पडत होते.

मग रोजच्यासारखी लाईट गेली. आतली खोली काळी झाली, दारातलाही उजेड हळूहळू संपला. मी हात आवरला, मला काही दिसत नव्हतं. तिच्या बाजूनं मात्र आवाज येतच राहिला, स्टीलच्या वाटीत एकेक खडा पडल्याचा, भराभर, एकापाठोपाठ एक.